सोलापुरात, घरच्या शेडमध्ये दोन सीटचं विमान बांधताना

किट, म्हणजे विमानाच्या सुट्या भागांचा संच, मागवण्याआधी शेडच्या दाराचं माप घ्या. मी ते उशिरा घेतलं. अक्कलकोट रस्त्याला आमची यंत्रमागाची जुनी शेड आहे. माग विकल्यावर नऊ मीटर बाय सहा मीटर मोकळी जागा उरली आणि मला वाटलं, झालं, आता कामाला लागू. पण शटर होतं फक्त सव्वादोन मीटर रुंद. पंख वेगळे असतात, ते लांबीत बाहेर निघतात. शेपटीचा आडवा भाग तिरका करून काढता येतो. चाकांवर उभं राहिलेलं, इंजिन लावलेलं धड मात्र तिरकं करता येत नाही. शेवटी भिंत फोडून शटर मोठं केलं, तेही आतल्या तयार भागांवर तीन-तीन ताडपत्र्या टाकून. सिमेंटची धूळ त्यानंतर कितीतरी दिवस निघत होती.

हा लेख मी माझ्या कामाच्या क्रमाने लिहितोय. विमान धातूच्या पत्र्याचं, दोन सीटचं, आठ-नऊ मीटर पंखविस्ताराचं. पंख, शेपटी आणि धड पूर्ण आहे, इंजिन बसलंय, वायरिंग आणि आतली जोडणी चालू आहे. टूलरूममध्ये बावीस वर्षं काढल्यामुळे हाताचं काम येत होतं. विमानाच्या कामात नवीन शिकलो ते एकच: इथं प्रत्येक टप्प्यावर आपलं काम आपल्याच हाताने बंद करायचं असतं. पंखावर वरचा पत्रा चढला की आतला रिव्हेट पुन्हा दिसत नाही. म्हणून पुढे प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारलाय: हे बंद होण्याआधी काय बघायचं?

आधी कागद

पहिला रिव्हेट मारण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी, म्हणजे डीजीसीएशी पत्रव्यवहार सुरू करा. मुंबईत त्यांचं उड्डाणयोग्यतेचं कार्यालय आहे. आपल्याकडे विमानाची नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा कागद असल्याशिवाय ते उडवता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. कोणत्या डिझाइनचं किट, कोणतं इंजिन, तपासणी कोण आणि कोणत्या टप्प्यांवर करणार, हे सगळं लेखी मागा आणि लेखी द्या. फोनवरचं बोलणं दोन वर्षांनी कुणाच्याच लक्षात राहत नाही.

ही वाट लांबची आहे, हे मनाशी धरूनच निघा. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्यांच्यामागे कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. आपलं विमान लहान असलं, सिद्ध किटचं असलं तरी संयम तेवढाच लागतो.

किट निवडताना कमीत कमी शंभरेक विमानं उडत असलेलं डिझाइन घ्या. १९७३ साली रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिका आणि क्रिस हाइन्ट्झ यांची झेनिथ विमानं जगभर आहेत. अशा किटचे नकाशे, दुरुस्तीच्या सूचना आणि इतरांनी केलेल्या चुका आपल्याला आयत्या मिळतात. स्वतः डिझाइन करायची हौस असेल तर ती दुसऱ्या विमानासाठी ठेवा.

बांधकामाची वही पहिल्या दिवसापासून ठेवायची. तारीख, तास, कोणता भाग, कोणत्या पानावरचा नकाशा, आणि फोटो. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाचं अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असावं लागतं, त्याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. आपल्याकडेही तपासणारा माणूस पहिला प्रश्न हाच करणार की हे तुम्ही केलंत कशावरून? मी प्रत्येक बंद होणाऱ्या जागेचे निदान चार फोटो काढतो आणि एका फोटोत मोजपट्टी ठेवतो.

वेळेचा हिशेब प्रामाणिक करा. असं किट हजार ते दोन हजार तास खातं. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास मिळाले तर दीड हजार तासांना तीन वर्षं लागतात. लग्नसराई, आजारपण, गड्ड्याची यात्रा, मुलांच्या परीक्षा हे सगळं त्यात आलंच.

सोलापूरच्या उन्हात कोणतं विमान

फायबर, लाकूड-कापड की पत्रा, हा वाद जगभर चालतो. सोलापुरात माझं मत पत्र्याच्या बाजूने आहे, आणि कारण आपलं ऊन. साध्या तापमानाला घट्ट होणारं इपॉक्सी साठ-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. मे महिन्यात हवा बेचाळीस अंशांवर असताना उन्हात उभ्या गडद रंगाच्या पृष्ठभागावर हात ठेवून बघा. म्हणूनच फायबरची विमानं जवळजवळ नेहमी पांढरी असतात. शिवाय चाळीस अंशांत इपॉक्सी डब्यातच इतक्या लवकर तापून गोठतं की कापड नीट भिजवायला वेळ मिळत नाही. फायबरच करायचं असेल तर थंडीत करा, किंवा खोलीला एसी लावा.

पत्र्याला आपली हवा मानवते. कोकणासारखी खारी, दमट हवा नाही, त्यामुळे गंज कमी. त्रास आहे तो तापमानाच्या चढउताराचा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. चार मीटरचा पत्रा वीस अंशांनी तापला तर सुमारे १.८ मिलिमीटर वाढतो, खालची पोलादी जिग (भाग जागेवर धरणारा साचा) वाढते एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. हा फरक भोकं जुळवताना नडतो. पंखाचा लांब पत्रा मी पहाटे साडेपाचला जिगवर ठेवायचो आणि आठच्या आत ड्रिलिंग संपवायचो. अर्धी भोकं सकाळी आणि अर्धी दुपारी असं एकदाच केलं. पत्र्याला मधे फुगा आला आणि सगळ्या क्लेको, म्हणजे भोकांतल्या तात्पुरत्या पकडी, काढून पुन्हा बसवाव्या लागल्या.

शेडमध्ये माग होते तर एक काम आधी करा. छताच्या कैच्यांवरची सुताची कापसी धूळ पूर्ण झाडून काढा, मग छत रंगवा. ती धूळ प्रायमरवर बसते, टाकीच्या सीलंटमध्ये अडकते आणि पेट्रोलच्या फिल्टरपर्यंत पोचते.

पत्रा, नट-बोल्ट आणि बाजार

विमानात मुख्यतः दोन मिश्रधातू भेटतील. २०२४-टी३ मध्ये तांबं असतं, तो जास्त ताकदीचा पण गंजाला हळवा, म्हणून त्यावर शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. ६०६१-टी६ ताकदीला कमी पण गंजाला चिवट आणि काम करायला सोपा. जाडी ०.४ ते ०.८ मिलिमीटर. नकाशात जो लिहिलाय तोच वापरायचा. ‘थोडा जाड घातला तर बिघडलं कुठं’ हा विचार विमानात वजनाच्या रूपाने परत येतो.

सोलापुरात धातूचं काम जाणणारी माणसं भरपूर आहेत. कॅमशाफ्ट आणि ओतकामाचे कारखाने याच शहरात आहेत, एमआयडीसीत मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर-फिटर भेटतात. जिग, टेबल, लाकडी फॉर्म, इंजिन उचलायचा स्टँड हे सगळं इथं उत्तम होतं, आणि करूनच घ्या. उडणाऱ्या भागांचा नियम मात्र वेगळा आहे. ज्या पत्र्याबरोबर, बोल्टबरोबर कारखान्याचं प्रमाणपत्र नाही, तो विमानात जाणार नाही. मी एकदा सरावासाठी स्थानिक विक्रेत्याकडून ‘विमानाचाच’ म्हणून पत्रा आणला. वाकवताना कमी त्रिज्येला त्याला कडेने चिरा पडल्या. सरावच होता म्हणून नुकसान झालं नाही, पण तो तुकडा मी शेडच्या दाराशी टांगून ठेवलाय.

बोल्टचंही तेच. विमानाच्या बोल्टच्या डोक्यावर खुणा असतात, त्या ओळखायला शिका. दिसायला तसाच बाजारातला बोल्ट डबीत मिसळू देऊ नका. मी विमानाचे नट-बोल्ट कुलपाच्या कपाटात ठेवतो आणि बाजारातले शेडच्या दुसऱ्या टोकाला. मुलगा मदतीला येतो, त्यालाही तीच शिस्त.

आखणीची एक सवय फिटर माणसाने मोडायलाच हवी. आपण पत्र्यावर स्क्राइबरने रेघ मारतो. विमानाच्या पत्र्यावर ती रेघ म्हणजे चिरेची सुरुवात. पेन्सिलही नको, ग्रॅफाइटमुळे अॅल्युमिनियम गंजतं. बारीक टोकाचा मार्कर घ्या. पोलादावर वापरलेली कानस, स्टीलवूल किंवा वायरब्रश अॅल्युमिनियमला लावू नका, पोलादाचे कण रुतून बसतात आणि पुढे तिथेच गंज धरतो.

रिव्हेट: इथं घाई नको

दोन सीटच्या विमानात हजारो रिव्हेट असतात, म्हणून या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. सुरुवातीला टाकाऊ पत्र्यावर दोनशे रिव्हेट मारा. मी तीनशे मारले आणि शेवटच्या पन्नासांत एकही खराब नव्हता तेव्हाच खऱ्या भागाला हात लावला.

काम या क्रमाने चालतं. दोन्ही पत्रे जागेवर धरून भोक पाडायचं आणि लगेच क्लेको घालायची. ही स्प्रिंगची तात्पुरती पकड भोकातून आत जाते आणि पत्रे घट्ट धरते. २.४ मिलिमीटरच्या भोकाला चंदेरी, ३.२ ला तांब्याच्या रंगाची. दर तिसऱ्या-चौथ्या भोकाला एक लागते, त्यामुळे तीन-चारशे क्लेको हाताशी असू द्या. मग सगळं सुटं करायचं, प्रत्येक भोकाच्या दोन्ही बाजूंची बर (ड्रिलने उठलेली धारदार कोर) काढायची आणि पत्र्याच्या कडा बोट फिरवलं तर अडकणार नाही इतक्या गुळगुळीत करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सगळ्यात जास्त वेळ खातं. बर राहिली तर दोन पत्र्यांमध्ये फट राहते, रिव्हेट त्या फटीत फुगतो आणि जोड कधीच घट्ट बसत नाही.

त्यानंतर प्रायमर. जुन्या पुस्तकांत झिंक क्रोमेट सांगितलेलं असतं, ते विषारी आहे. इपॉक्सी प्रायमर वापरा, मास्क लावूनच, आणि पातळ हात द्या. दोन्ही पत्रे जिथं एकमेकांना टेकतात तिथं तरी तो हवाच.

आता मोजमापं, ही पाठ असू द्या. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर रिव्हेटच्या व्यासाच्या निदान दुप्पट. ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला ६.४ मिलिमीटर. रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. मारल्यावर मागे तयार होणाऱ्या डोक्याचा व्यास मूळ व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी, म्हणजे ३.२ च्या रिव्हेटला ४.८ आणि १.६ मिलिमीटर. टर्नरकडून याचं छोटं गेज करून घ्या, दर वेळी व्हर्नियर लावायला नको.

माझ्या एलिव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाच्या) एका रिबवर, म्हणजे आतल्या फासळीवर, चौदा भोकं कडेपासून पाच मिलिमीटरवर आली. रिब जागेवर बसली तेव्हा दिसायला काहीच चूक वाटत नव्हती. मोजलं आणि दोन दिवस मनात वाद घातला. मग रिब काढली आणि नवीन मागवली. ती यायला सहा आठवडे लागले. तेवढ्या वेळात मी रडर, म्हणजे शेपटीचा उभा हलता भाग, पूर्ण केला. एक भाग अडला तर दुसरा हाती घ्यायचा, असं वेळापत्रक आधीपासूनच लवचीक ठेवा.

रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात: एक गनवर, दुसरं मागे पोलादाचा ठोकळा, बकिंग बार, धरून. आमच्याकडे बार बायको धरते. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि तिचे कानही. ठोकळा नीट टेकलेला असला की आवाज भरीव येतो, तिरका झाला की पत्र्याचा खणखणाट होतो. ती ‘थांबा’ म्हणाली की मी बोट ट्रिगरवरून काढतो, कारण विचारत नाही. गनच्या दणक्याने कान जातात, म्हणून दोघांनीही मफ लावायचे. दुपारी दोन ते चार शेजारी झोपतात, तो वेळ बर काढण्यासाठी.

खराब रिव्हेट काढणंही शिकावं लागतं. डोक्याच्या अगदी मध्यावर एक साइझ लहान ड्रिलने फक्त डोक्याइतकंच खोल जायचं, पंच घालून डोकं मोडायचं, मागे लाकूड टेकवून उरलेला दांडा हलकेच बाहेर ठोकायचा. भोक लांबट झालं असेल तर तिथं गप्प बसू नका, किटवाल्यांना फोटो पाठवून विचारा. रिव्हेट थोडासाच वाकडा असेल तर मात्र तो राहू द्या. काढण्याच्या खटपटीत भोक मोठं होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त बिघडतं. कोणता काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे सरावाच्या दोनशेत समजतं.

पंख बंद करण्याआधी मी एक रात्र मधे जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च आणि आरसा घेऊन स्पारच्या (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईच्या) मुळापासून टोकापर्यंत बघायचं. प्रत्येक बोल्ट टॉर्क झालाय का, म्हणजे ठरल्या जोराने घट्ट केलाय का, त्यावर रंगाची खूण आहे का? वायरसाठी प्लॅस्टिकची नळी टाकली का? वेग मोजणाऱ्या पिटोची ट्यूब कुठे दबत नाही ना? आत ड्रिलचे कीस, एखादी क्लेको, वॉशर राहिलं नाही ना? व्हॅक्यूम लावा, मग पंख दोघांनी उचलून हलवा आणि कान देऊन ऐका. पहिल्या पंखात असा एक वॉशर खुळखुळला होता. शोधायला दीड तास गेला, पण तो निघाला.

बोल्ट, केबल आणि दिशा

सगळ्यात लहान एएन-३ बोल्ट घट्ट करायला फक्त २.३ ते २.८ न्यूटन-मीटर लागतं. मोटारीच्या पान्याची सवय असलेला हात त्याला सहज तोडतो. छोट्या मापाचा टॉर्क पाना घ्या. नट बसल्यावर बोल्टचा निदान एक आटा बाहेर दिसला पाहिजे, आणि पत्र्यातून जाणारा भाग गुळगुळीत दांड्याचा हवा, आट्यांचा नको. जिथं जोड फिरतो तिथं खाचांचा नट आणि कॉटर पिन. नायलॉनवाला लॉकनट इंजिनाच्या बाजूला चालत नाही, सव्वाशे अंशांच्या आसपास नायलॉनची पकड जाते. तिथं पूर्ण धातूचा.

कंट्रोल केबलच्या टोकाची धातूची स्लीव्ह दाबल्यावर ती नीट दबली का, हे बघायला प्रत्येक वेळी गो-नो-गो गेज लावायचं. नंतर सगळ्या कंट्रोलला शेवटचा अडथळा नकाशातल्या अंशांवर येतो का, हे कोनमापकाने बघायचं.

आणि दिशा. कॉकपिटमधली काठी डावीकडे नेली की डावा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) वर गेला पाहिजे. काठी मुठीत धरून अंगठा वर ठेवा, काठी वळवा. अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर. उलट्या जोडलेल्या एलेरॉनमुळे अनुभवी वैमानिकांचीही विमानं पडली आहेत. जोडणाऱ्याने स्वतः बघून भागत नाही, कारण त्याला जे व्हायला हवं तेच दिसतं. दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करा आणि न सांगता विचारा, ‘कोणता वर गेला?’

इंजिन आणि पेट्रोल

माझ्याकडे रोटॅक्स ९१२ यूएलएस आहे: १०० अश्वशक्ती, मिनिटाला ५८०० फेऱ्यांना, पुढे २.४३ पट वेग कमी करणारा गिअरबॉक्स. इंजिन आणि माणूस यांच्यामधली फायरवॉल पातळ स्टेनलेस किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची असते. तिच्यातून जाणारं प्रत्येक भोक आगीला टिकणाऱ्या सीलंटने बंद करा, रबरी ग्रोमेट एकटं पुरत नाही. इंजिनाच्या बाजूच्या पेट्रोलच्या नळीवर अग्निरोधक आवरण चढवा.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न. हा साखर कारखान्यांचा मुलूख, इथेनॉल इथंच तयार होतं, आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते आता वीस टक्क्यांपर्यंत असतं. रोटॅक्स ९१२ ला दहा टक्क्यांपर्यंतच चालतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबरी नळ्या आणि काही सीलंट मऊ करतं. घरी तपासायची सोपी पद्धत अशी: काचेच्या मोजपात्रात दहा भाग पाणी आणि नव्वद भाग पेट्रोल घाला, हलवा, थांबा. खालचा पाण्याचा थर दहाच्या रेघेवरच राहिला तर इथेनॉल नाही. वर चढला तर पाण्याने पेट्रोलातून इथेनॉल ओढून घेतलंय. हे काम उघड्यावर करा, आजूबाजूला मोबाइल चार्जर किंवा दिवाही नको.

दुसरा मार्ग एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे खास विमानाचं पेट्रोल. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये ते देशातच, वडोदऱ्यात तयार करायला सुरुवात केली. त्यात शिसं असतं, त्यामुळे रोटॅक्समध्ये तेल लवकर बदलावं लागतं आणि गिअरबॉक्सकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. मी एव्हगॅसचा विचार करून सगळ्या नळ्या आणि सील निवडले आहेत. तुम्ही जे निवडाल ते टाकी सील करण्याआधी ठरवा, नंतर बदलणं फार कष्टाचं आहे.

टाकी बसल्यावर प्रवाह मोजा. पूर्ण ताकदीला हे इंजिन ताशी २७ लिटर पितं. फक्त गुरुत्वाने येणाऱ्या पेट्रोलचा प्रवाह त्याच्या दीडपट, म्हणजे ताशी चाळीस लिटर हवा. पंप असेल तर सव्वापट, म्हणजे चौतीस. नाक वर असताना, म्हणजे चढतानाच्या कोनात, आणि टाकीत थोडंच पेट्रोल असताना मोजा. कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून बादलीत दोन मिनिटं धरा आणि घड्याळ लावा.

वायरिंग आणि पॅनल

इथं थोडक्यात सांगतो, कारण किटच्या पुस्तकात हे चांगलं असतं. विमानाचीच टेफ्झेल आवरणाची वायर घ्या, पीव्हीसी जळताना विषारी धूर करते. टोकं क्रिम्प करा, म्हणजे दाबून बसवा, रॅचेटच्या पक्कडीने, सोल्डर नको. सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कंपनाने तुटते. सगळ्या अर्थिंगच्या वायर एका जागी आणा, नाहीतर रेडिओत इंजिनाचा आवाज येतो. ब्रेकर वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही, म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो.

पॅनलवर मोठे स्क्रीन लावायचा मोह होतो. वेग, उंची आणि कंपास हे तीन वेगळ्या, स्वतंत्र उपकरणांवरही असू द्या. पिटो आणि स्टॅटिकच्या (बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या) नळ्यांची गळती तपासा. रेडिओ बसवण्याआधी त्याच्या परवान्याची चौकशी करा, वायरलेस खात्याचा वेगळा परवाना लागतो.

रंग आणि वजन

रंग चढला की कंट्रोलच्या पृष्ठभागांचा तोल बदलतो. एलेरॉन आणि एलिव्हेटरची बिजागरीमागची बाजू जड झाली तर वेगात तो भाग फडफडू लागतो आणि काही सेकंदांत तुटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. म्हणून तोल रंगानंतरच तपासायचा. रंग पातळ द्या, पांढरा द्या.

वजनाचा दिवस सणासारखा असतो, पण दारं बंद ठेवा, पंख्याच्या वाऱ्यानेही काटा हलतो. विमान उडतानाच्या पातळीत ठेवून तीन काटे तीन चाकांखाली. कल्पनेचं उदाहरण घेऊ. नाकाच्या टोकापासून अंतरं मोजली. पुढचं चाक ०.९० मीटरवर ७२ किलो, मागची दोन्ही २.२० मीटरवर १२४ आणि १२६. एकूण ३२२ किलो. वजन गुणिले अंतर यांची बेरीज ६१४.८, भागिले ३२२, म्हणजे गुरुत्वमध्य १.९१ मीटरवर. आता दोन माणसं १६० किलो २.०५ मीटरवर, पेट्रोल ६० लिटर म्हणजे सुमारे ४३ किलो १.९५ वर. वजन ५२५, गुरुत्वमध्य १.९६ च्या जवळ. मागे २.९० मीटरवर नुसती १५ किलोची बॅग ठेवली की तो आणखी अडीच सेंटिमीटर मागे सरकतो. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला तर स्टॉल झालेलं, म्हणजे पंखांची उचल गेलेलं, विमान सावरत नाही. या आकड्यांचा तक्ता पॅनलजवळच चिकटवा.

उडण्याआधीचा हिशेब

पहिलं उड्डाण कुठं आणि केव्हा, हे डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरण यांच्या लेखी परवानगीवर ठरतं. होटगी रस्त्याच्या विमानतळाच्या वाटेतली साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली आणि ९ जून २०२५ पासून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. म्हणजे आता तिथं वेळापत्रकाची विमानं आहेत, आपल्याला त्यांच्या मधल्या वेळात बसावं लागणार. आपण स्वतः उडवणार असाल तर परवाना आधी काढा. खासगी वैमानिकाच्या परवान्याला निदान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. चाचणी उड्डाणात मात्र त्याच प्रकारच्या विमानाचा अनुभव असलेला वैमानिक बसवा. माझाही तोच विचार आहे.

आपल्या शहराच्या उंचीचा आणि उन्हाचा हिशेब करून ठेवा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण १५०० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान बारा अंश असतं. मे महिन्यात बेचाळीस अंश असतील तर तीस अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट. म्हणजे पंख आणि इंजिन यांना हवा ५१०० फुटांवर असल्यासारखी विरळ वाटते. धाव लांबते, चढाई मंदावते. जानेवारीच्या सकाळी पंधरा अंशांत हाच आकडा १९०० फुटांच्या जवळ येतो.

वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ साली जन्मले आणि डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. तिथंच पुढे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी डिझाइन केलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं. शेडमध्ये कुणी मुलं बघायला आली की मी त्यांना हे सांगतो, मग हातात क्लेको देतो.

पहिल्या उड्डाणाआधी इंजिन जमिनीवर निदान दोनदा चालवा. विमान पक्क्या दोरांनी बांधा, चाकांना ठोकळे लावा, खाली खडी नको, इंजिनाचा पंखा (प्रोपेलर) ती उचलतो आणि स्वतःच्याच पात्यांवर मारतो. मग हळू टॅक्सी, म्हणजे जमिनीवरच चालवणं, ब्रेक, पुन्हा शेडमध्ये. मी जानेवारी धरून चाललोय, यात्रेनंतरचा आठवडा, सकाळी सात ते नऊ. पेट्रोल अर्धी टाकी, विमानात एकच माणूस, विमानतळाच्या वरच घिरट्या, वीस मिनिटं आणि उतरायचं. उतरल्यावर कुणाशी बोलायच्या आधी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढायचं, पंखाखालची सगळी झाकणं उघडायची, टॉर्च घ्यायचा आणि बोल्टवरच्या रंगाच्या प्रत्येक खुणेवरून एकदा बोट फिरवायचं.